पाणी निवळलं

बरणीतून पलीकडची गल्ली दिसली तेव्हा बद्रुद्दीनला आधी काही उमजलंच नाही. डॉक्टरकडून तो नुकता टांग्यातून परतला होता, थांबत थांबत जिना चढला होता, दंडात टोचलेल्या सुईची ठणक अजून जिरली नव्हती, आणि दारात उभा राहून धाप खाली बसायची वाट बघताना सवयीनं त्याची नजर खिडकीतल्या फळीवर गेली. फळीवर त्याच्या काचेच्या बरण्या होत्या. मधल्या बरणीतून समोरच्या पिंजाऱ्याचं दुकान दिसत होतं. पिंजारी दिसत होता, त्याची धनुकली दिसत होती, उडणारा कापूस दिसत होता. सगळं वाकडं, उजव्याचं डावं झालेलं, पण लख्ख. छान दिसतंय, असंसुद्धा क्षणभर त्याच्या मनात आलं. आणि मग लक्षात आलं. काल संध्याकाळपर्यंत त्या बरण्यांतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दिसायलाच नको होतं. पाणी बिनदुधाच्या चहासारखं होतं, सोनेरी तपकिरी, आणि त्या रंगाच्या भरवशावर तर हा माणूस गेला हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा तगला होता. माणसाला धक्का बसतो तो हा असा बसतो. ढोल वाजवत येत नाही. तो दाराची चौकट धरून उभा राहिला आणि मूर्खासारखा पिंजाऱ्याकडे बघत राहिला.

"पाणी निवळलं बघा," मागून आवाज आला. त्याची बायको जुलेखा उंबऱ्यापासून दोन हात लांब, जिन्याच्या कोपऱ्यात उभी होती. जवळ यायचं नाही, उंबरा तर ओलांडायचाच नाही, हा त्याचाच हुकूम होता. मुंबईहून छातीचं दुखणं घेऊन तो घरी परतला त्या दिवसापासूनचा. खोलीत यायची ती एकटी त्याची आई, खातूनबी. पण काल अम्मी ओल्या पायरीवरून घसरली, पाय मुरगळून बसली, हळदीचा लेप लावून खाली पडून होती. म्हणून आज तो घराबाहेर पडल्यावर खोली झाडायला जुलेखा वर आली होती. ती हसत होती. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. एखादं काम कुणी न सांगता केलं आणि ते नीट साधलं की माणूस शाबासकीची वाट बघतं ना, तसं. "तुरटी फिरवली," ती म्हणाली. "खालच्या हंड्या-कळश्यांत रोज फिरवतेच. गोदागंगेला पूर येऊन गेल्यापासून भिस्ती नुसता चिखल आणून ओततो मेला. म्हटलं, घरातली सगळी स्वच्छ पाणी पितात आणि तुमचंच औषधाचं पाणी तेवढं घाण का राहावं? सकाळी तुम्ही गेल्या गेल्या फिरवली. बसला सगळा गाळ तळाशी. मग वरचं पाणी निथळून घेतलं, बरण्या राखेनं घासल्या, पुन्हा भरून ठेवल्या. एक थेंब सांडला नाही हो."

औषधाचं पाणी! हा शब्द त्याचाच. त्यानंच घरात सोडलेला. आता कुणाला बोल लावणार? मुंबईहून तो आला तेव्हा त्याच्या मांडीवर पेटी होती, पेटीत भुशात रुतवलेल्या बरण्या होत्या, आणि कसाऱ्याचा घाट चढताना गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो पेटीला असा कवटाळत होता की समोरच्या बाईनं विचारलं, काय भाऊ, लोणचं का? घरी आल्यावर अम्मीनं तेच विचारलं. खरं सांगितलं असतं, की अम्मी, ह्या पाण्यात जीव आहेत, डोळ्याला न दिसणारे, लाखांनी, तर अम्मीनं त्याच संध्याकाळी बरण्या गटारात उलट्या केल्या असत्या. डॉक्टरनं तिच्या डोक्यात भरवून दिलं होतं की तुझ्या मुलाच्या छातीत जंतू शिरलेत, डोळ्याला न दिसणारे, लाखांनी. मग तो म्हणाला, समुद्राचं पाणी आहे. खोलीत ठेवलं की हवा खारी होते, छातीला बरी असते. अम्मीनं मान डोलावली आणि बरण्यांवर बिस्मिल्ला म्हणून फुंकर घातली. कोकणीपुऱ्यातली ही घरं स्वतःला कोकणी म्हणवतात, पण पिढ्यान्‌पिढ्या नाशकात गेल्या, समुद्र कुणी पाहिलेला नाही. समुद्राच्या पाण्याबद्दल तो जे सांगेल ते खरं. आणि जुलेखाला तर त्यानं तेवढंही सांगितलं नव्हतं. तिला अम्मीकडून कळलं. तुरटी फिरवताना ती नवऱ्याचं औषध गाळत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, बद्रुद्दीन, ते हे. आता घे.

तुरटी काय करते ते त्याला ठाऊक होतं. लहानपणी ह्याच घरात, भाद्रपदातल्या गढूळ पाण्याच्या हंड्यापाशी उकिडवा बसून तो अम्मीचा हात बघायचा. खडा पाण्यात गरगर फिरायचा, मग थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, आणि मग पाण्यातून कुठून कुठून पांढुरके पुंजके धरायला लागायचे, पिंजलेल्या कापसासारखे, आणि जे जे म्हणून तरंगत असेल त्याला पोटाशी घेऊन हळूहळू खाली उतरायचे. जादूच वाटायची. अम्मी म्हणायची, बघ बद्रू, सगळी घाण कशी शहाण्यासारखी खाली बसते. पुढं मुंबईला सायन्स शिकायला गेला तेव्हा त्या जादूचं नाव कळलं, सूत्र कळलं, परीक्षेत गुणही मिळाले. आणि आज ती जादू त्याच्या बरण्यांत झाली होती. तरंगणं हेच ज्यांचं जगणं, त्यांना कुणीतरी मायेनं, शहाण्यासारखं, खाली बसवलं होतं.

काय होतं त्या पाण्यात? सांगायला गेलं तर हसू येईल. डायटम, म्हणजे एका पेशीचं शेवाळ. समुद्रातलं सगळ्यात फालतू, कुठंही सापडणारं डायटम. तो काम करायचा त्या इन्स्टिट्यूटातले प्रोफेसर म्हणाले होते, अहो, हे म्हणजे समुद्रातलं गवत, ह्याच्यावर काय थीसिस लिहिता? पण बद्रुद्दीनला त्याचीच मोहिनी पडली. कुलाब्याच्या खडकांपासून आणलेल्या पाण्याचा एक थेंब, त्यातला एक धागा, आणि त्या एका धाग्यापासून वाढवलेला हा सगळा गोतावळा. प्रत्येक जीव म्हणजे काचेची डबी. खरी काच, पाण्यात विरघळलेली वाळू पिऊन स्वतःभोवती घडवलेली. डबीला झाकण, आत सोनेरी डाग, आणि कडेनं बारीक काड्या, त्या शेजारच्या डबीच्या काड्यांना जुळलेल्या, अशी डबीला डबी लागून माळ. आणि चिवट किती! पावसात खाडीला गोडं पाणी मिळालं की दुसरे मरतात, हे वाढतं. उजेड कमी झाला की आतला रंग गडद करून असेल तेवढा उजेड ओढून घेतं. अन्न आटलं की जड होऊन तळाशी उतरतं आणि चांगल्या दिवसांची वाट बघतं. त्यानं त्याचे काय हाल केले नव्हते? उपाशी ठेवलं, अंधारात ठेवलं, खारट केलं, अळणी केलं. पट्ठ्या प्रत्येक वेळी परत उठला. नाशकाला आल्यावर काच कमी पडायला लागली तेव्हा त्यानं अम्मीकडून विहिरीचं पाणी मागवून थोडं थोडं घातलं, इथल्या काळ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात ती भरपूर असते. आणि माळा अशा तरारल्या की त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

पण त्याला ओढ होती ती निराळ्याच गोष्टीची. डबी दुभंगते तेव्हा एकीच्या दोन होतात. झाकण एकीला मिळतं, तळ दुसरीला. आणि गंमत अशी, की दोघीही मिळालेल्या भागाला झाकणच मानतात आणि त्याच्या आत बसेल असा नवा तळ घडवतात. म्हणजे जिला तळ मिळाला ती आईपेक्षा किंचित लहान. तिची लेक आणखी लहान. अशी पिढीमागून पिढी, वाटणी होत होत, घराणं बारीक होत जातं. शेवटी अशी वेळ येते की आणखी लहान होणं शक्य नाही. तेव्हा दोनच वाटा. एक तर मरायचं. नाही तर काचेचे दोन्ही भाग फेकून द्यायचे, उघडं व्हायचं, फुगायचं आणि पुन्हा पहिल्यासारखं मोठं व्हायचं. हे कधी होतं, कशानं होतं? बद्रुद्दीनचा अंदाज होता, मिठाच्या हिसक्यानं. मुंबईत तीन वर्षं तो माळा बारीक होताना बघत राहिला, मोठं होताना एकदाही दिसलं नाही. आणि मग एके दिवशी खोकला आला आणि रुमालावर डाग पडला. प्रोफेसर लांबूनच म्हणाले, हे बरण्यांतलं कल्चर घेऊन जा, नाशिकची हवा कोरडी आहे, तिथं बघत राहा. ते मोठं होताना दिसलं, चित्र काढून पाठवलंत, की थीसिस पुरा झाला समजा.

थीसिस! थीसिसचं खरं दुःख केव्हाच सरलं होतं. अम्मीनं दर्ग्यावरून आणलेला तावीज दंडावर बांधला तेव्हा तो मनात हसला होता, सायन्स शिकलेला माणूस तो. पण त्याचा स्वतःचा तावीज खिडकीत उभा होता आणि हे त्यानं कधी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं कबूल केलं नव्हतं. त्यानं सौदा केला होता. कुणाशी, ते ठाऊक नाही. ही मोठी झाली की मी बरा. तीही बारीक होत चाललीत, मीही. डॉक्टरच्या काट्यावर दर खेपेला काटा मागं सरकतो. तीही शेवटाला आलीत, मीही. ती परत उठली तर मीही उठलो. उन्हाळाभर तो पाणी आटू देऊन मीठ वाढवत राहिला. आणि परवा, परवाच, एका माळेच्या टोकाशी त्याला एक जीव दिसला, दोन्ही झाकणं ढिली झालेला, मधून कळीसारखा फुगलेला. एकच. त्यानं श्वास रोखला. रात्रभर अंथरुणात डोळे मिटून तो तेच बघत होता. आज डॉक्टरकडे जाताना टांगेवाल्याशी तो आपणहून बोलला, पुराचं पाणी कुठवर आलं होतं वगैरे. टांगेवाल्यालाच आश्चर्य वाटलं.

"बोला ना," जुलेखा म्हणाली. "चुकलं का काही?"

"मारलंस," तो म्हणाला. आवाज स्वतःचा वाटला नाही. "मारलंस तू. सगळ्यांना मारलंस. एक शिल्लक ठेवलं नाहीस!"

खालून अम्मीची हाक आली, काय झालं रे बद्रू? जुलेखाचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं होतं, मागं घ्यायला तिला उसंतच मिळाली नव्हती. ती एकदा बरण्यांकडे बघे, एकदा त्याच्याकडे. दुखणं डोक्यात गेलं की काय, ही भीती तिच्या डोळ्यांत त्याला स्पष्ट वाचता आली.

"कुणाला?" तिनं विचारलं.

कुणाला? लग्नाला सहा वर्षं होऊन गेली, एक मुलगी झाली, सुटीत घरी आला की ही त्याच्यासमोर ताट वाढायची आणि तो मनात मिठाचे हिशेब करत जेवायचा. ती येवल्याच्या मोमिनाची, मागावर बसलेली पोर. तिला काय कळणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलं ते कधी ताडून पाहिलं नव्हतं. दुखणं आल्यावर तर सोपंच झालं. अंतर ठेवणं हे कर्तव्यच झालं. शकीला जिन्याच्या तळाशी उभी राहून अब्बा अब्बा म्हणे आणि तो वरून हात हलवी. ज्यांच्यासाठी आज तो ऊर बडवायला निघाला होता ते कोण आहेत, हे ह्या घरात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

"गाळ कुठं टाकलास?"

"कसला गाळ?"

"बरणीच्या तळाचा! कुठं ओतलास?"

"मोरीत," ती म्हणाली. "मागच्या."

मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. टेबलावरचा चमचा आणि एक कपबशी घेऊन तो जिना उतरला, जवळजवळ घसरतच. अम्मी खाटेवरून उठू बघत होती, तिच्याकडे न बघता तो मागच्या मोरीपाशी गेला आणि गुडघे टेकून बसला. एम.एस्‌सी. झालेला माणूस! मोरीच्या दगडावर राखेचं पाणी होतं, भांड्यांचं खरकटं होतं, मसुरीच्या डाळीची सालं होती, आणि भोकाच्या कडेला फटीत पांढुरका-तपकिरी लगदा अडकलेला होता. तो चमच्यानं खरवडायला लागला. हे गोडं पाणी आहे, ह्यात राख आहे, राखेत खार आहे, तुरटीत आंबट आहे. ह्यातून कोण वाचणार, असं डोकं सांगत होतं, आणि हात खरवडत होते. पण चिवट आहे, चिवट आहे, तो स्वतःशी पुटपुटत होता, खाडीत गोडं पाणी आलं तरी जगतं, उपाशी ठेवलं तरी जगतं. खोकल्याची उबळ आली. मोरीवर हात टेकून तो खोकत राहिला, आणि तोंडाला आलेलं त्या लगद्यात पडू नये म्हणून मान वळवून कोपऱ्यात थुंकला. लाल होतं. त्याकडे बघायला त्याला वेळ नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ह्याची काडी मोरीच्या फटीत अडकली होती.

"या अल्ला," अम्मी मागून रडायला लागली, "माझ्या पोराला कुणाची नजर लागली!" जुलेखा पुढं आली, मोरीवर तांब्यानं पाणी सोडणाऱ्या शकीलाला बाजूला ओढलं, आणि दुसऱ्या फटीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं पण आहे थोडं."

वर येऊन त्यानं बशीतला लगदा समुद्राच्या पाण्यात कालवला. पाणी होतं, मुंबईहून आणलेलं, खाटेखालच्या बुधल्यात उकळून ठेवलेलं अजून अर्धं होतं. समुद्र शिल्लक होता, त्यात राहणारंच कुणी उरलं नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, घरातले त्याला दुर्बीण म्हणत. त्यानं आरसा फिरवून उजेड धरला, काचपट्टीवर थेंब सोडला आणि डोळा लावला. तुरटीचे पुंजके. राखेचे काळे कण. आणि त्यात अडकलेल्या डब्या, मोडलेल्या, उघड्या, रिकाम्या. आतला सोनेरी डाग जिवंतपणी भिंतीला पसरलेला असतो; मेला की आवळून मधे गोळा होतो आणि हिरवट पडतो. सगळीकडे हिरवट गोळे. त्यानं पट्टी सरकवली. हिरवट. दुसरा थेंब घेतला. हिरवट, रिकामं, हिरवट. परवाची कळी शोधायला तो धजतच नव्हता, आणि शोधत होता. उन्हं खिडकीतून टेबलावर आली, टेबलावरून त्याच्या मांडीवर. खालून अम्मीनं जेवायला हाक मारली, मग मारेनाशी झाली. त्याला आता रागही येत नव्हता. रागाला निदान ऊब असते. हे सगळं फार शांत होतं, इतकं शांत की श्वास घेताना छातीत वाजणारी बारीक शीळ त्याची त्यालाच ऐकू येत होती, आणि ती शीळ आता कुणाच्या भरवशावर ऐकायची, हा प्रश्न होता. बरा होणार नाहीस तू. साधं वाक्य. एवढे महिने त्यानं ते बरण्यांच्या मागं लपवून ठेवलं होतं. बरण्या निवळल्या आणि ते पलीकडच्या गल्लीसारखं लख्ख दिसायला लागलं.

मग एक माळ दिसली. आखूड, पाच-सहा डब्यांची, पुंजक्याच्या कडेला लोंबकळणारी. डबीतले डाग आवळलेले होते, पण हिरवे झाले नव्हते. सोनेरी होते. जिवंत? तो किती वेळ बघत राहिला कुणास ठाऊक. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, ते पुसून पुन्हा बघितलं. कदाचित मरत असतील. कदाचित मेलीच असतील आणि रंग उडायला वेळ लागत असेल. ह्याचा निवाडा उद्या झाला असता, परवा झाला असता. आज काही सांगता येत नव्हतं. नाही, खोटं कशाला बोला, सांगता येत होतं. तीन वर्षं ज्यानं रोज हेच पाहिलं त्याला डागाच्या कडा बघून कळत होतं. कडा विरघळल्या होत्या, माळ मेलेलीच होती.

"अहो."

ती उंबऱ्यापाशी केव्हापासून बसली होती कोण जाणे. पुढ्यात झाकलेलं ताट होतं.

"कुणाला मारलं मी?" तिनं विचारलं. आवाज बारीक होता, पण सुटका करून घेण्याचा नव्हता. "दुपारपासून तेच विचारतेय स्वतःला. अम्मी म्हणतात, दुखण्यानं बडबडतोय, लक्ष देऊ नकोस. पण बडबडणारा माणूस मोरी खरवडत नाही. पाण्यात काही होतं ना? तुम्ही पाणी म्हणालात, मी पाणी समजले. सांगितलं असतंत तर मी खडा उचलला असता का? खुदाची कसम, जीव आहेत म्हणाला असतात, तर पंख्यानं वारा घातला असता त्यांना."

त्याला हसू आलं. आणि हसता हसता तो थांबला. ह्या बाईला आपण काहीच सांगितलं नाही, काही म्हणजे काहीच नाही, हे त्याला असं लागलं की दंडातली सुईसुद्धा त्यापुढं गोड म्हणावी. "ये," तो म्हणाला. "बघ, कोण होतं ते."

"आत?"

"आत ये."

ती उंबरा ओलांडताना थबकली, जणू कुणी हटकेल. मग आली. तो खुर्चीवरून उठला, भिंतीला टेकून लांब उभा राहणार होता. पण तिला दाखवायचं होतं, म्हणून एक हात टेबलाच्या कडेवर टेकून थांबला. डोळा कुठं लावायचा ते त्यानं दाखवलं. तिनं आधी दोन्ही डोळे लावले, मग एक मिटला. तिच्या केसांना खोबरेल आणि चुलीच्या धुराचा वास होता. एवढ्या जवळून तो त्याला किती दिवसांनी आला! त्यानं श्वास रोखला. तिच्या मानेवर आपला श्वास पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. छातीत खोकला वर चढायला लागला, तो त्यानं दाबला, आणखी दाबला.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही तर सोन्याची जर आहे. कलाबतूचा तुकडा. काचेच्या नळीत घालून ठेवल्यासारखा." आणि मग, अगदी हळू, "एवढं देखणं होतं? आणि मी राखेनं घासलं?"

बोललं असतं तर खोकला सुटला असता. टेबलावरचा हात थरथरायला लागला होता.

एकाएकी ती ओरडली, "हलतंय! अहो, हलतंय! जिवंत आहे, बघा, हे बघा, इकडून तिकडं झालं! या अल्ला, सगळी नाही मेली हो, एक आहे!"

ह्या जातीला हलता येत नाही. ना पाय, ना वल्हं, ना शेपूट. पाणी नेईल तिकडं जायचं, एवढंच त्याला येतं. बद्रुद्दीननं खाली आपल्या हाताकडे पाहिलं. हात टेबल हलवत होता, टेबल पट्टी हलवत होतं, पट्टीवरचा थेंब हलत होता. तिनं मान वर केली. तिचा चेहरा ओला होता, आणि ती हसत होती; मघाशी जिन्याच्या कोपऱ्यात होतं त्याहून कितीतरी मोठं हसू.

"जिवंत आहे ना?"

त्यानं खोकला गिळला. "हो," तो म्हणाला.

"मग वाचेल? काय लागतं त्याला? मीठ लागतं? ऊन लागतं?"

"ऊन लागतं. खारं पाणी लागतं. आणि रोज बघावं लागतं."

"मी बघेन," ती म्हणाली. आणि लगेच, उंबऱ्याकडे नजर टाकून, "म्हणजे, येऊ देणार असाल तर. उद्या दाखवाल परत?"

नको, असं म्हणायचं होतं. इतके महिने रोज तेच म्हणत आला होता, आणि ते बरोबर होतं, डॉक्टरही तेच म्हणत होता, खाली एक लहान मुलगी होती. नको म्हणण्यासाठी त्यानं तोंड उघडलं.

"तोंडावर ओढणी घेऊन ये," तो म्हणाला. "घट्ट धरून. आणि खाली गेलीस की हात धू, त्याशिवाय पोरीला उचलू नको."

तिनं लगेच, तिथल्या तिथं, ओढणी नाकावरून ओढून कानामागं खोचली. "अशी?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा वाकून डोळा लावला. बद्रुद्दीन भिंतीकडे तोंड करून खोकला, जमेल तितका हळू. मग परत वळला आणि टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"हलतंय," ओढणीमागून ती म्हणाली.

त्यानं हात काढला नाही.